ग्राफिक्स कार्डाची निवड : नाव एक, गती दोन

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना वाटेत दुसरबीड लागते. कार्यालयीन कामानिमित्त या गावी गेलो असता तेथील एका शिक्षकांनी माझ्यापुढे दोन दरपत्रके ठेवली. शाळेतील जुन्या संगणकांना ग्राफिक्स कार्ड बसवावयाचे होते. दोन्ही दरपत्रकांत कार्डाचे नाव एकच होते : एनव्हिडिया जीटी १०३०, मेमरी २ जीबी. तुलनात्मक तक्ता तयार झाला होता आणि कमी दराच्या पुरवठादाराच्या नावापुढे खूणही झाली होती. तरीही गुरुजींचे समाधान झालेले नव्हते. ते म्हणाले, "साहेब, वस्तू एकच असेल तर दरात एवढा फरक का? आणि एक नसेल तर तसे तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहायचे?"

प्रश्न रास्त होता. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्यामुळे त्यालाही उत्तर शोधण्यास कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. परंतु लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

संगणकाच्या पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० आडवे व १०८० उभे, असे एकूण २०,७३,६०० ठिपके आजच्या सामान्य पडद्यावर असतात आणि सेकंदाला साधारण ६० वेळा ते नव्याने उमटतात. फिरत्या त्रिमितीय चित्रात प्रत्येक ठिपक्याचा रंग दर वेळी आकडेमोड करून ठरवावा लागतो. ही आकडेमोड ग्राफिक्स कार्डावरील चकतीत शेकडो लहान गणकघटक एकाच वेळी करतात. त्यांना लागणारे आकडे मात्र शेजारच्या मेमरीतून यावे लागतात. म्हणजे कार्डाची दोन अंगे झाली : हिशेब करणारे आणि हिशेबाचा माल पुरवणारे.

जीटी १०३० हे कार्ड मे २०१७ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्यावर जीडीडीआर५ या जातीची मेमरी होती. मार्च २०१८ मध्ये डीडीआर४ जातीची, संथ मेमरी असलेले दुसरे कार्ड निघाले. त्याचे नाव बदलले नाही. खरा घोटाळा येथेच आहे.

आता हिशेब पाहू. दोन्ही कार्डांत गणकघटक ३८४ आहेत. प्रत्येक घटक घड्याळाच्या एका ठोक्याला एक गुणाकार व एक बेरीज, अशा दोन क्रिया करू शकतो. पहिल्या कार्डाचे कमाल ठोके सेकंदाला १४६.८ कोटी, म्हणून ३८४ गुणिले २ गुणिले १४६.८ कोटी, म्हणजे सुमारे १.१३ लाख कोटी क्रिया. दुसऱ्याचे ठोके १३७.९ कोटी; त्याच रीतीने उत्तर येते १.०६ लाख कोटी. यालाच सैद्धांतिक क्षमता म्हणतात. दोहोंत अंतर अवघे ६ टक्के. एवढ्यावरून निर्णय केला तर कमी दराचे कार्ड घेण्यास कोणाचीच हरकत राहणार नाही. वीजही ते कमी घेते : पहिले ३० वॅट, दुसरे २० वॅट. तक्त्यातील हा रकानाही त्याच्याच बाजूने जातो.

मेमरीचा हिशेब केला की चित्र पालटते. मेमरी व गणकचकती यांच्यामधील मार्ग दोन्ही कार्डांत ६४ बिटांचा, म्हणजे एका खेपेस ८ बाइट नेणारा आहे. जीडीडीआर५ मध्ये सेकंदाला ६०० कोटी खेपा होतात, डीडीआर४ मध्ये २१० कोटी. आठाने गुणले असता पहिल्याची वहनक्षमता सेकंदाला ४८ जीबी भरते आणि दुसऱ्याची १६.८ जीबी. म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश.

दुसरबीडच्या ग्रामस्थांना हे समजावण्यास दूरचा दाखला नको. येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून 'गाळप क्षमता' हा शब्द या परिसरात शेतकऱ्यांच्या नित्य बोलण्यातला झाला. दिवसाला अमुक टन ही क्षमता यंत्रांची. पण वजनकाट्यावर गाड्याच कमी आल्या तर गव्हाणीत ऊस पडत नाही आणि यंत्रे सज्ज असूनही खोळंबतात. गाळप क्षमतेचा आकडा त्यामुळे खोटा ठरत नाही. त्या दिवशी तो उपयोगी पडत नाही, इतकेच.

हीच गोष्ट आकड्यांत मांडता येते. मेमरीतून एक बाइट येईपर्यंत पहिल्या कार्डाची यंत्रणा सुमारे २३ क्रिया करू शकते, तर दुसऱ्याची ६३. आणलेल्या प्रत्येक बाइटवर इतके काम निघाले तरच ती पूर्ण गतीने चालणार. चित्ररेखनात बहुधा इतके काम निघत नाही आणि गणकघटक मालाची वाट पाहत राहतात. म्हणूनच २०१८ मध्ये ज्या परीक्षकांनी ही दोन कार्डे शेजारी ठेवून तपासली, त्यांना अनेक संगणकीय खेळांत डीडीआर४ कार्डाची गती निम्म्याच्या आसपास किंवा त्याखालीही आढळली. कागदावरील ६ टक्क्यांचे अंतर पडद्यावर असे वाढते.

सैद्धांतिक व प्रत्यक्ष यांतील अंतर स्वस्त कार्डांपुरते मर्यादित नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक ग्राफिक्स चकत्यांच्याच कुळातील ए१०० या गणकचकत्यांवर उभारलेला आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो ६३ वा आला. त्याची सैद्धांतिक क्षमता सेकंदाला सुमारे ५,२६७ लाख कोटी क्रियांची, तर चाचणीत मोजलेली गती सुमारे ४,६१९ लाख कोटींची. ८८ टक्के ही कामगिरी उत्तमच. परंतु त्या चाचणीत आणलेला प्रत्येक आकडा पुनःपुन्हा वापरला जातो, हे ध्यानात घेतले पाहिजे. यादीत म्हणूनच दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत छापतात. आपल्या तुलनात्मक तक्त्यांनी ही रीत उचलावी असे वाटते.

मग शाळेने काय घ्यावे? पत्रलेखन, निकालपत्रके व पडद्यावर पाठ दाखवणे एवढेच काम असेल, तर दोहोंपैकी कोणतेही कार्ड पुरते. वर सांगितलेला पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवण्यास प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरून केवळ अर्धा जीबी वहन लागते. किंबहुना अनेक संगणकांच्या मुख्य चकतीतच ही सोय असते आणि कार्डाचा खर्च वाचतो. दरपत्रके मागवण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. शिक्षकांचे पाठ चित्रित करून साठवण्याचा बेत असेल, तर दोन्ही कार्डे सारखीच अपुरी आहेत : चित्रफीत उलगडण्याचे मंडल त्यांत आहे, ती बांधण्याचे नाही. पृथ्वीचा त्रिमितीय गोल फिरवून दाखवणे, गावठाणाच्या ड्रोन नकाशांवरून त्रिमितीय देखावा उभा करणे, असे काम असेल तेथे मात्र जीडीडीआर५ चाच आग्रह धरावा. दुसरबीडच्या गुरुजींना भूगोलाच्या तासासाठी हेच हवे होते.

त्यांनी दोन्ही पुरवठादारांकडे लेखी खुलासा मागवला. कमी दराचे कार्ड डीडीआर४ चे निघाले. नव्या मागणीपत्रात 'मेमरी २ जीबी' या शब्दांपुढे आता 'जात जीडीडीआर५, मार्ग ६४ बिट, वहनक्षमता किमान ४८ जीबी प्रतिसेकंद' असे शब्द घातले आहेत. माल आल्यावर जीपीयू-झेड हा विनामूल्य कार्यक्रम चालवला, की मेमरीची जात व वहनक्षमता पडद्यावर दिसते. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद घेण्यापूर्वी हे पाच मिनिटांचे काम करावयाचे, असे त्यांनी ठरवले आहे.