यंत्राचा भार

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्या लिनक्स प्रणालीचा आरंभ केला, तिच्यावर चालणाऱ्या यंत्राचा व्यवस्थापक प्रकृतीची पहिली विचारपूस ‘अपटाइम’ या आज्ञेने करतो. उत्तरादाखल तीन आकडे येतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांतील सरासरी भार. पहिला तिसऱ्याहून मोठा असेल, तर भार चढतो आहे असे समजावे.

घोटाळा ‘भार’ या शब्दातच आहे. आरंभी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रोसेसरवर चालू असलेली आणि त्याच्यासाठी रांगेत उभी असलेली कामेच मोजत असे. १९९३ साली डिस्ककडून उत्तर येईपर्यंत खोळंबलेली कामेही हिशेबात आली. युक्तिवाद बिनतोड होता. डिस्क मंद असली की सारे यंत्र रेंगाळते. मग त्याचा भार कमी दिसावा, हे कसे?

परंतु या सुधारणेने आकड्याचा अर्थच पालटला. कचेरीतील तुंबलेल्या फायली मोजल्याने कारकून संथ आहे की दुसऱ्या खात्याचे उत्तर यायचे आहे, हे कळत नाही. तसेच हे झाले. चार प्रोसेसरांच्या यंत्रावर भार १२ दिसला, की नवखा व्यवस्थापक अधिक प्रोसेसरांची मागणी नोंदवतो. प्रत्यक्षात चारही प्रोसेसर रिकामे बसलेले आणि बाराही कामे दूरच्या, बंद पडलेल्या साठवणयंत्राची वाट पाहत असू शकतात. ‘पीएस’ या आज्ञेच्या यादीत अशा कामांपुढे ‘डी’ हे अक्षर दिसते. त्यांतील काही इतकी हट्टी, की ‘किल -९’ या निर्वाणीच्या आज्ञेलाही दाद देत नाहीत! ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा मात्र चालणारी कामे आणि अडकलेली कामे निरनिराळ्या रकान्यांत मांडते. तिच्याकडे आधी पाहिले असते, तर मागणीपत्र लिहावेच लागले नसते.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीने निराळाच मार्ग धरला. कामे किती खोळंबली, याऐवजी खोळंब्यात वेळ किती गेला, हे ती मोजते. आणि प्रोसेसर, स्मृती व डिस्कशी होणारी देवघेव यांची खाती वेगळी ठेवते. त्याच यंत्रावर आता प्रोसेसरच्या खात्यात जवळजवळ शून्य, आणि देवघेवीच्या खात्यात गेल्या दहा सेकंदांपैकी ८० टक्के वेळ वाया गेल्याची नोंद दिसेल. जुने तीन आकडे अजूनही प्रथम विचारले जातात. पण खरेदीच्या कागदावर सही करण्यापूर्वी व्यवस्थापक ही खाती उघडून पाहतो.