खलपुरुषाची असूया आणि नायकाचा संशय : मराठी शोकनाट्याच्या संदर्भात

१

ठाण्याच्या किल्ल्याच्या तटाआड आज मध्यवर्ती कारागृह आहे. आणि त्याच नगरात मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली उभे राहिलेले राम गणेश गडकरी रंगायतन आहे. एका वास्तूचा संबंध राजकारणाशी, दुसरीचा नाट्यकलेशी. परंतु या दोहोंना जोडणारी एक कथा मराठी मनात खोल रुजलेली आहे; ती म्हणजे ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. ‘नारायणरावास धरावे’ या आज्ञेतील एक अक्षर आनंदीबाईंनी पालटले व ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, असे परंपरा सांगते. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी व वसई देण्याचे मान्य केले. १७८० मध्ये कल्याणही इंग्रजांच्या हाती पडले. एका अक्षराने एवढा अनर्थ घडविला, ही कल्पना लोकमानसाला पटते. ती का पटते, हा प्रश्न इतिहासाइतकाच नाट्यशास्त्राचाही आहे. कारण मत्सर हा ज्याचा हेतू आणि शब्द हे ज्याचे शस्त्र, अशा खलपुरुषाची प्रतिमाच तीमागे उभी आहे.

२

प्रथम संज्ञांचा निर्णय करणे अवश्य आहे. इंग्रजीत ‘जेलसी’ या एका शब्दात सामावणारे अर्थ मराठीने निरनिराळ्या शब्दांत वाटून दिले आहेत. दुसऱ्याचा उत्कर्ष न साहणे हा मत्सर. दुसऱ्याच्या गुणावर दोषाचा आरोप करणे ही असूया. आणि आपले जे आहे ते दुसऱ्याने हिरावून घेतले असावे, या भयातून उपजतो तो संशय. भरताने नाट्यशास्त्रात असूयेची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत केली आहे. म्हणजे ती येते आणि जाते. रसाचा पाया होण्याइतके स्थैर्य तिला दिलेले नाही. ‘मृच्छकटिका’तील शकार वसंतसेनेचा गळा दाबतो आणि चारुदत्तावर खुनाचा खोटा आळ घेतो, पण अखेर सत्य उघडकीस येते व नाटक सुखान्त होते. असूयेला सबंध नाटकाची चालक शक्ती बनविणारे शोकनाट्य मराठीत मुख्यतः शेक्सपीअरच्या परिचयानंतर आले.

३

तो परिचय ‘ऑथेल्लो’पासून घडला, ही गोष्ट सूचक आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये या नाटकाचे भाषांतर केले, गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्यावरून ‘झुंजारराव’ रचले, वि. वा. शिरवाडकरांचा ‘ऑथेल्लो’ १९६१ सालचा. एकाच खलपुरुषाला शतकाच्या आत तीन वेळा मराठी बोलावयास लावण्यात आले.

इयागोच्या हेतूविषयी समीक्षकांत एकमत नाही. कॅसिओला बढती मिळाली, आपल्याला डावलले गेले, हे कारण तो सांगतो. ऑथेल्लोचा आपल्या पत्नीशी संबंध असावा, असेही तो बोलून दाखवितो. कोलरिजला ही कारणे मागाहून शोधलेली वाटली व त्या दुष्टतेला हेतूच नाही, असे त्याने ठरविले. ब्रॅडलीने १९०४ मध्ये दुखावलेला श्रेष्ठत्वाचा अहंकार व सत्तेची हौस यांवर भर दिला. परंतु वरील संज्ञाभेद ध्यानी घेतल्यास या मतांतील विरोध बराच निवळतो. कॅसिओविषयी इयागोला वाटते ती असूया. पत्नीविषयी त्याला चाटून जातो तो संशय. असूया त्याला कृतीस प्रवृत्त करते, आणि संशयाची वेदना त्याला ठाऊक असल्यामुळेच ती दुसऱ्याच्या ठायी कशी उत्पन्न करावी, हे तो जाणतो. हेतू आणि साधन येथे एकाच व्याधीची दोन रूपे आहेत.

४

हे संक्रमण भाषेच्या द्वारे घडते. तिसऱ्या अंकातील सुप्रसिद्ध प्रवेशात इयागो आरंभी कोणताही आरोप करीत नाही. कॅसिओ निघून जाताना तो नापसंतीचा एक अर्धवट उद्गार काढतो आणि विचारल्यावर काहीच नसल्याचे सांगतो. निरुपद्रवी भासणारा प्रश्न विचारतो. ऑथेल्लोचेच शब्द प्रतिध्वनीसारखे त्याला परत देतो. आणि शेवटी संशयापासून सावध राहण्याचा उपदेश करतो. ज्या विकाराचा निषेध करावयाचा तो अगोदरच अस्तित्वात आहे, हे या उपदेशात गृहीत धरलेले असते. ऐकणाऱ्याचे लक्ष निषेधाकडे जाते. गृहीतक तपासले जात नाही. उरलेले वाक्य ऑथेल्लो स्वतःच पूर्ण करतो, म्हणून ते त्याला स्वतःचे वाटते.

मराठीत या कपटाला अनुकूल साधने विपुल आहेत. ‘म्हणे’ या अव्ययाने बातमी सांगता येते, पण तिची जबाबदारी वक्त्यावर राहत नाही. ‘असो’ने विषय मिटविल्याचा आव आणून तो उघडाच ठेवता येतो. ‘तसे काही नाही’ यातील ‘तसे’ हा शब्दच ‘कसे’ असा प्रश्न जागा करतो.

याच दृष्टीने ‘ध’चा ‘मा’ पाहता येईल. ‘नारायणरावास धरावे’ हा भावे प्रयोग आहे. कर्म सविभक्तिक, क्रियापद विध्यर्थी, आणि कर्त्याचा उल्लेखच नाही. कोणी धरावे आणि कोणाच्या आज्ञेने, हे वाक्यरचनाच लपविते. अक्षर पालटण्यापूर्वीच उत्तरदायित्व अदृश्य झालेले आहे.

५

खलपुरुष वगळला तर काय घडते, याचे उत्तर देवलांच्याच ‘संशयकल्लोळा’त मिळते. तेथेही भलत्या हाती पडलेली एक तसबीर आहे, जशी ‘ऑथेल्लो’त हातरुमालाची, फाल्गुनरावाचा संशयही थोडाथोडका नाही. पण तसबीर योगायोगाने हरवते, तिच्यामागे कोणाची असूया नाही. म्हणून उलगडा वेळेवर होतो व प्रेक्षक हसतो. उलटपक्षी, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या नाटकात हॅम्लेटच्या वळणाचा नायक इयागोच्या वळणाच्या केशवशास्त्र्याच्या हाती सापडतो, आणि विचारी मनुष्याची विचारशक्तीच त्याच्या नाशाचे साधन होते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील तळीराम याहून लहान माणूस, पण अपमानाच्या घडीला हितचिंतक म्हणून जवळ येण्याची त्याची रीत तीच आहे. सारांश, विकार हास्यनाट्यातही असतो. त्याला कोणी जाणीवपूर्वक दिशा दिली, की शोकनाट्य संभवते.

६

परंतु या आकृतिबंधाचे सामर्थ्य हाच त्याचा धोका होय. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने १९०९ मध्ये आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा व रामशास्त्र्यांचा करारीपणा रंगभूमीवर समोरासमोर उभा केला. नाटकाला तो अधिकार आहे. अक्षर पालटल्याची कथा मात्र ऐतिहासिक पुराव्याने सिद्ध झालेली नाही. आणि परंपरेनुसार रामशास्त्र्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना. साष्टी गेली तीही पेशवेपदाची स्पर्धा, मुंबईकर इंग्रजांना त्या बेटाविषयी फार पूर्वीपासून असलेला लोभ आणि पोर्तुगीज ते बळकावतील ही धास्ती, या अनेक कारणांनी. एवढी कारणे लक्षात ठेवण्यापेक्षा एका स्त्रीची लेखणी लक्षात ठेवणे सोपे जाते.

येथे एक विपरीत गोष्ट दृष्टीस पडते. खलपुरुष जे नायकाच्या बाबतीत करतो, तेच ही आख्यायिका श्रोत्याच्या बाबतीत करते. एक लहानशी, हाताळता येण्याजोगी खूण ती पुढे करते आणि उरलेला निष्कर्ष त्याच्यावर सोपविते. ऑथेल्लोला रुमाल पुरला. लोकमानसाला एक अक्षर पुरले. ठाण्याच्या रंगायतनात, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात बसलेल्या प्रेक्षकाला इयागोचे कपट दिसते, कारण त्याची स्वगते तो ऐकत असतो. इतिहासात अशी स्वगते ऐकू येत नाहीत. म्हणून तेथे अपुऱ्या वाक्याचा कर्ता कोण, हे पुरावा हाती येईपर्यंत विचारीत राहणे, एवढेच अभ्यासकाच्या हाती असते.