ध्वनिमुद्रिका संग्रहण (महाराष्ट्र)

ध्वनिमुद्रिका संग्रहण म्हणजे ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या मिळवणे, त्यांची ओळख पटवणे, त्यांविषयीच्या माहितीची नोंद ठेवणे आणि ती माहिती इतर रसिकांना व अभ्यासकांना उपलब्ध करून देणे होय. महाराष्ट्रात हे कार्य मुख्यत्वे हौशी संग्राहकांनी स्वखर्चाने केले आहे. इ.स. १९६० च्या दशकातील भावगीते, चित्रपटगीते, लोकगीते आणि पाश्चात्त्य धर्तीची नृत्यगीते यांच्या अनेक तबकड्या पुन्हा कधीच प्रकाशित झाल्या नाहीत. अशा गीतांचा गायक, कवी, संगीतकार आणि काळ निश्चित करण्यासाठी संग्राहकांनी जपलेल्या प्रती व परस्परांना पुरवलेली माहिती हेच पुष्कळदा एकमेव साधन असते.

पार्श्वभूमी

भारतातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकाता येथे झाली. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीसाठी फ्रेडरिक गायसबर्ग यांनी ती केली. विख्यात गायिका गौहर जान यांचे गायन याच वेळी प्रथम मुद्रित झाले. त्या काळी तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना भारतीय भाषा अवगत नसल्यामुळे गायक गीताच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत असत. तबकडी कोणाची आहे, हे ओळखण्याची अडचण ध्वनिमुद्रणाच्या आरंभापासूनच होती, हे यावरून दिसते.

मराठी भावगीताच्या इतिहासात विदर्भाचे स्थान महत्त्वाचे आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'रानारानात गेली बाई शीळ' ही कविता विदर्भातूनच पुढे आलेले गायक गोविंदराव (जी. एन.) जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या तबकड्यांत तिची गणना होते. जोशी पुढे 'हिज मास्टर्स व्हॉइस' (एचएमव्ही) या कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. त्यांचे 'स्वरगंगेच्या तीरी' हे आत्मकथन ध्वनिमुद्रण व्यवसायाचा अंतर्गत इतिहास सांगणारे म्हणून संग्राहकांना उपयुक्त ठरले आहे.

साठचे दशक

इ.स. १९६० ते १९७० हा काळ तबकड्यांच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. मिनिटाला ७८ फेरे घेणारी, लाखेपासून बनवलेली दहा इंची तबकडी मावळत होती. तिच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गीत मावत असे. तिची जागा व्हिनाइलच्या दोन प्रकारांनी घेतली. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची 'ईपी' ही एक, आणि ३३⅓ फेरे घेणारी, एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक ध्वनी साठवणारी 'एलपी' ही दुसरी.

इंग्लंडमध्ये ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन १९६० च्या सुमारास संपुष्टात आले. भारतात मात्र चावीवर चालणारे ग्रामोफोन खेडोपाडी वापरात असल्याने ते त्यानंतरही चालू राहिले. त्यामुळे बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाची गीतेही कोलकात्याजवळील डमडमच्या कारखान्यात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापली गेली. या भारतीय तबकड्यांना जगभरच्या संग्राहकांकडून मोठी मागणी असते.

मराठीत याच दशकात सुधीर फडके, वसंत प्रभू, श्रीनिवास खळे, दशरथ पुजारी, यशवंत देव आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या स्वररचना तबकड्यांद्वारे घरोघरी पोहोचल्या. कोकणीत ख्रिस पेरी आणि लोर्ना यांनी जॅझच्या वळणाची गीते लोकप्रिय केली. अनेक वर्षांनी 'नाचूंया कुंपासार' या कोकणी चित्रपटात ही गीते नव्याने वापरण्यात आली, आणि त्या चित्रपटाला २०१४ या वर्षासाठी कोकणीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मुंबईतील हॉटेलांतून वाजणाऱ्या गिटार-वाद्यवृंदांचा ठसा हिंदी चित्रपटांवरही उमटला. 'गुमनाम' (१९६५) या चित्रपटातील 'जान पहचान हो' हे शंकर-जयकिशन यांचे गीत मोहम्मद रफी यांनी गायिले असून पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा वाद्यवृंद दिसतो. २००१ साली 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी हे दृश्य वापरले गेले. त्यानंतर हा वाद्यवृंद कोणता आणि मुखवटा घालून गाणारा कलाकार कोण, याविषयी परदेशी रसिकांत कुतूहल निर्माण झाले. तो कलाकार म्हणजे नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन होत.

तबकडीची ओळख पटवणे

तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदास लेबल म्हणतात. त्यावर गीताचे आरंभीचे शब्द, गायकाचे नाव, बहुधा कवी व संगीतकार यांची नावे आणि अनुक्रमांक असतो. अनुक्रमांकाच्या आरंभीच्या अक्षरांवरून कंपनी व मालिका ओळखता येते. उदाहरणार्थ, एचएमव्हीच्या ७८ फेऱ्यांच्या अनेक भारतीय तबकड्यांवर 'एन' आणि कोलंबियाच्या तबकड्यांवर 'जीई' ही अक्षरे आढळतात. लेबलावर प्रकाशनवर्ष नसल्यास आगेमागेच्या क्रमांकांच्या तबकड्यांशी तुलना करून काळाचा अंदाज बांधला जातो.

लेबल आणि खाचा यांच्यामधील गुळगुळीत पट्टीवर आणखी एक क्रमांक कोरलेला असतो. त्यास मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक असतो. लेबल बदलले तरी तो पुष्कळदा तसाच राहतो. दोन वेगवेगळ्या लेबलांखालील तबकड्यांवर एकच मॅट्रिक्स क्रमांक असेल, तर दोन्हींवर तेच मूळ गायन आहे असे समजले जाते. उलटपक्षी, गीत आणि गायक तेच असूनही हा क्रमांक भिन्न असेल, तर गीत पुन्हा गायिले गेल्याची शक्यता असते व दोन्ही प्रती ऐकून खात्री करावी लागते.

लेबलावरील मजकूर नेहमीच पुरेसा नसतो. 'महल' (१९४९) चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गीताच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्याऐवजी नायिकेच्या भूमिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केल्यानंतर गायिकेचे खरे नाव सर्वांना कळले.

नभोवाणीवरील गायन आणि तबकडीवरील गायन यांतही फरक करावा लागतो. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्या वेळी विविध पात्रांची गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. पुढे घरोघरी पोहोचलेल्या तबकड्यांवर मात्र सुधीर फडके यांचा स्वर आहे. केवळ तबकडी ऐकणाऱ्या श्रोत्याचा मूळ प्रसारणातील गायकांविषयी गैरसमज होऊ शकतो.

संस्था आणि प्रकाशने

मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार आणि ठिकठिकाणची भंगारची दुकाने ही संग्राहकांची परंपरागत भेटस्थाने होत. तेथील ओळखींतून तबकड्यांची आणि माहितीची देवाणघेवाण सुरू झाली. या विखुरलेल्या प्रयत्नांना संघटित रूप १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेने दिले. तिचे मानद सचिव सुरेश चांदवणकर हे व्यवसायाने टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ होते. संस्थेच्या श्रवणसभांत एखादा संग्राहक निवडक तबकड्या वाजवून त्यांचा इतिहास सांगतो आणि उपस्थित रसिक त्यात भर घालतात. मुंबईबाहेर सोलापूर, तुळजापूर, नांदेड अशा ठिकाणीही अशा सभा भरल्या आहेत. संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात ध्वनिमुद्रिकांच्या सूची, कलावंतांची चरित्रे आणि संग्राहकांचे अनुभव प्रसिद्ध होत असत.

संस्थेशी निगडित ऑस्ट्रेलियन अभ्यासक मायकेल किनिअर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची सिद्ध केली. ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केली.

'यंग इंडिया' या मुद्रेचे उदाहरण विशेष बोलके आहे. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची ही मुद्रा १९३५ ते १९५५ या काळात चालली. नवोदित व हौशी कलावंतांना तिने संधी दिली. कंपनी बंद पडल्यावर तिच्या तबकड्यांचे पुनर्प्रकाशन झाले नाही, त्यामुळे त्या केवळ संग्राहकांकडेच उरल्या. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दस्तऐवजविषयक योजनेखाली चांदवणकर यांनी या तबकड्या व संबंधित कागदपत्रांच्या संगणकीय प्रती तयार करण्याचे काम केले.

हिंदी चित्रपटगीतांच्या क्षेत्रात कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज' यांचा 'हिंदी फिल्म गीत कोश' हा अशा सहकार्याचा सर्वांत मोठा नमुना मानला जातो. त्यात एकेका दशकातील चित्रपट, त्यांतील गीते, गायक, गीतकार आणि तबकड्यांचे क्रमांक दिले आहेत. १९६१ ते १९७० या दशकासाठी त्याचा स्वतंत्र खंड आहे. या कोशासाठी देशभरच्या रसिकांनी आपापल्या संग्रहातील माहिती पत्राने कळवली. मराठी गीतांच्या बाबतीत अलका विभास यांनी उभारलेल्या 'आठवणीतली गाणी' या संग्रहाने कवी, संगीतकार आणि गायक यांच्या नावांसह गीतांचे संकलन केले आहे.

श्रेयाबाहेर राहिलेले कलावंत

लेबलावर गायक, कवी आणि संगीतकार यांना स्थान मिळाले, तरी वाद्यमेळाची रचना करणारे संयोजक आणि वादक बहुधा अनामिक राहिले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात या कामात गोव्याच्या संगीतकारांचा वाटा मोठा होता. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा आणि व्हायोलिनवादक व संयोजक अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील प्रमुख नावे. अमेरिकी अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी अशा वादकांच्या मुलाखती घेऊन 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हा ग्रंथ लिहिला. तबकडीवर न छापलेली अशी माहिती हयात कलावंत, त्यांचे कुटुंबीय आणि ध्वनिमुद्रणास उपस्थित असलेल्या व्यक्ती यांच्याकडूनच मिळू शकते. साठच्या दशकात तरुण असलेली ही पिढी आता वृद्धावस्थेत आहे. त्यामुळे तिच्या आठवणी वेळीच नोंदवणे निकडीचे झाले आहे.

इतर देशांतील परंपरा

इंग्लंडच्या उत्तर भागात १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'नॉर्दर्न सोल' ही चळवळ उदयास आली. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायकांच्या, तेथे फारशा न खपलेल्या सोल शैलीतील तबकड्या शोधून त्यांवर नृत्य करणे हे तिचे वैशिष्ट्य होते. पत्रकार डेव्ह गोडिन यांनी हे नाव रूढ केले. मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील क्लब आणि विगन कसिनो (१९७३–१९८१) ही तिची प्रसिद्ध केंद्रे होती.

तेथे दुर्मीळ माहिती दडवण्याचीही प्रथा पडली. प्रतिस्पर्ध्याला तबकडीचा सुगावा लागू नये, म्हणून काही वादक लेबलावर कागद चिकटवून गायकाचे खोटे नाव सांगत. फ्रँक विल्सन यांच्या 'डू आय लव्ह यू' (१९६५) या गीताच्या मूळ तबकडीच्या मोजक्याच प्रती उरल्या असून त्यांतील एक २००९ मध्ये २५,००० पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. महाराष्ट्रातही काही संग्राहक आपला संग्रह इतरांना दाखवण्यास नाखूश असतात. मात्र संग्राहकाच्या निधनानंतर तबकड्या भंगारात गेल्यास वस्तूसोबत तिच्याविषयीची माहितीही नष्ट होते. सूची प्रसिद्ध झालेली असल्यास निदान ती माहिती शिल्लक राहते.

जतन

लाखेची तबकडी ठिसूळ असते. ती उभी ठेवावी आणि उष्णतेपासून दूर ठेवावी. तिच्यावरील बुरशी काढण्यासाठी स्पिरिट वापरू नये, कारण त्यात लाख विरघळते. शुद्ध पाणी आणि मऊ कापड यांचा वापर सुरक्षित समजला जातो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या खाचा एलपीपेक्षा रुंद असल्याने तिच्यासाठी वेगळी सुई लागते. एलपीची बारीक सुई वापरल्यास खरखर वाढते.

हक्क

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६४ मध्ये प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क त्यानुसार २०२४ च्या अखेरीस संपला. गीताचे शब्द आणि चाल यांचे हक्क मात्र स्वतंत्र असून ते कवी व संगीतकार यांच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत राहतात. म्हणून ध्वनिमुद्रण मुक्त झाले तरी संपूर्ण गीत मुक्त झाले असे होत नाही. तबकडीचा क्रमांक, गायक, कवी, संगीतकार आणि वर्ष यांची नोंद करण्यास मात्र या हक्कांची आडकाठी नाही.

नोंद करण्याची पद्धत

घरातील जुन्या तबकड्यांची नोंद विद्यार्थ्यांनाही करता येते. लेबलाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, अनुक्रमांक, मॅट्रिक्स क्रमांक, फेऱ्यांची गती आणि व्यास या बाबी प्रथम टिपाव्यात. लेबलावरील नावे जशी छापली आहेत तशीच उतरवावीत. दुरुस्ती सुचवायची असल्यास ती निराळ्या रकान्यात लिहावी. ज्येष्ठांनी सांगितलेली माहिती सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याच्या नावासह व दिनांकासह वेगळी नोंदवावी. असे केल्याने छापील पुरावा कोणता आणि आठवण कोणती, हे पुढील अभ्यासकास स्पष्टपणे कळते.