साखरेवर उभा डोंगर

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा आपल्याला अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. राखलेला स्की-मार्ग सोडला, की कोरा उतार सुरू. तो पाहून वाटतं, भीती असेल तर कालच्या ताज्या बर्फाची. पण खरी खोड असते तळाशी, महिन्या-दोन महिन्यांपूर्वी पडून विसरल्या गेलेल्या बर्फात.

नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला बर्फ पडतो, समजा अर्धा मीटर. मग आभाळ मोकळं होतं. जमिनीत ऊब शिल्लक असल्याने बर्फाचा तळ शून्य अंशाजवळ राहतो, पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री उणे १५-२०पर्यंत गारठतो. मीटरमागे साधारण १० अंशांचा फरक पडला, तरी बर्फ आतून बदलू लागतो. इथे तो तिप्पट-चौपट! तळाकडची वाफ वर सरकते, वरच्या थंड कणांवर गोठते, आणि एकमेकांना बिलगलेले बारीक कण मोठे, कोनदार, सुटे होत जातात. मुठीत दाबा, गोळा होणार नाही. जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतील. थंडीने बर्फ घट्ट होतो, हा आपला समज इथे साफ कोलमडतो. शिवाय थर जितका पातळ, तितकी ही पोखरण जोरात. सुंदर उन्हाचे ते दिवसच घात करत असतात!

पुढे पश्चिमी चक्रावात येतात, मीटरभर बर्फ टाकतात, वारा तो दाबून त्याची सलग लादी बनवतो. लादी भक्कम, पाया सुटा. एका माणसाच्या वजनाने पाया बसतो, पायांखाली ‘धप्प’ असा खोल आवाज होतो आणि तडा क्षणात दूरवर धावतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल, तर लादी सुटते. कधी तर पायथ्याच्या सपाटीवर चालणाराच वरचा उतार खाली ओढून घेतो. अशा भटकंतीत हिमस्खलनाने कुणाचा बळी घेतला, तर दहातल्या सुमारे नऊ वेळा ते सुरू करणारा तो स्वतः किंवा त्याचा सोबतीच असतो.

म्हणून जाणकार खड्डा खणून थर वाचतात, उताराचा कोन मोजतात, ३० अंशांखालच्या वाटा धरतात (वर तीव्र उतार नाही ना, हे बघून), आणि धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडतात. ‘धप्प’ ऐकलं, की मागे फिरतात. शिखर किती जवळ आलंय, याचा हिशेब तेव्हा करायचा नसतो.

तरीही कुणी गाडला गेलाच, तर पहिली १०-१५ मिनिटंच हाताशी असतात; त्यानंतर जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते. खालून मदत येईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो, शोधायचं सोबत्यांनीच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारा-घेणारा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, पाठीवर घडीची लांब सळई आणि धातूचं फावडं. कोसळलेला बर्फ थांबताक्षणी इतका आवळून बसतो, की हातांनी उकरता येत नाही. सळई माणसाला लागली, की ती तशीच रोवून ठेवतात आणि उताराच्या खालच्या अंगाने आडवं खणत आत शिरतात. वरून खणलं, तर त्याच्याच डोक्यावर उभं राहावं लागतं.