दुबार नाव म्हणजे दुबार मत? ‘मतदान घोटाळ्या’च्या व्हायरल दाव्यांची पडताळणी

नावड्यात भाड्याने राहायला आलेलं एखादं कुटुंब घ्या. आधी ऐरोलीत होतं, मग सिडकोच्या घरासाठी किंवा तळोजा एमआयडीसीतल्या नोकरीसाठी इकडे आलं. नवीन पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवलं. जुन्या पत्त्यावरचं नाव मात्र कुणी काढलंच नाही. आता त्या घरातल्या प्रत्येकाचं नाव दोन मतदारसंघांत आहे.

यात गुन्हा घडला का? बोगस मतदान झालं का? निकाल फिरला का?

हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या मेसेजमध्ये मात्र ते एकाच वाक्यात उरकले जातात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपासून महाराष्ट्रात असे अनेक दावे फिरत आहेत. त्यातले काही साफ खोटे आहेत, काही अर्धवट खरे आहेत, तर काहींमागे खरी अडचण आहे. एकेक करून पाहूया.

दावा १ : पनवेलमध्ये ८५ हजार बोगस मतं पडली

नावडे पनवेल विधानसभा मतदारसंघात येतं. २०२४ मध्ये इथे सुमारे साडेसहा लाख मतदार होते. राज्यातल्या सर्वांत मोठ्या मतदारसंघांपैकी हा एक. भाजपचे प्रशांत ठाकूर इथून ५१,०९१ मतांनी निवडून आले. त्यांच्या विरोधात होते शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील.

पाटील यांनी मतदार यादीत ८५,२११ दुबार नावं असल्याचा आक्षेप घेतला. त्यांच्या यादीनुसार २५,८५५ नावं पनवेलच्याच यादीत दोनदा होती. २७,२७५ नावं पनवेल आणि उरण अशा दोन्हीकडे, १६,०९६ नावं ऐरोलीत आणि १५,३९७ नावं बेलापूरमध्येही होती.

आता ‘८५ हजार बोगस मतं, विजय ५१ हजारांचा, म्हणजे निकाल चोरला’ हे गणित मांडायला सोपं आहे. पण त्यात तीन उड्या आहेत.

पहिली उडी : सारखं नाव म्हणजे एकच माणूस. रायगड-ठाणे पट्ट्यात पाटील, म्हात्रे, ठाकूर, भोईर ही आडनावं घरोघरी आहेत. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव जुळूनही माणसं वेगळी असू शकतात. त्यामुळे वय, फोटो आणि पत्ता तपासल्याशिवाय नाव ‘संभाव्य दुबार’ एवढंच म्हणता येतं.

दुसरी उडी : नाव दोनदा आहे, म्हणजे मतही दोनदा दिलं. हे तपासायचं तर दोन्ही मतदान केंद्रांवरची खूण केलेली यादी आणि सह्यांची नोंदवही समोरासमोर ठेवावी लागते. यादीतल्या नावावरून ते कळत नाही.

तिसरी उडी : ती सगळी मतं एकाच उमेदवाराला गेली. मत गुप्त असतं. ते कुणाला गेलं, हे यादी सांगूच शकत नाही.

मग आक्षेप खोटा होता का?

नाही. दोन ठिकाणी नाव असणं कायद्याला मान्य नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ आणि १८ नुसार एका व्यक्तीचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असलं पाहिजे. यादी साफ ठेवणं हे निवडणूक यंत्रणेचं काम आहे आणि ती साफ नसेल, तर प्रश्न विचारलेच पाहिजेत. १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत निघालेल्या विरोधी पक्षांच्या ‘सत्याच्या मोर्चा’तही दुबार नावांचा मुद्दा मुख्य होता.

दुबार नावं वाढतात कशी, हे नावड्यासारख्या ठिकाणी सहज दिसतं. पनवेल रायगड जिल्ह्यात आहे, ऐरोली आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात. रोजच्या जगण्यात हे सगळं एकच शहर, पण नोंदणी अधिकारी वेगळे आणि जिल्हाही वेगळा. माणूस घर बदलतो, पण यादीतलं जुनं नाव आपोआप निघत नाही. पत्ता बदलल्यावर नमुना ८ भरायचा असतो. बरेच जण त्याऐवजी नवीन मतदाराचा नमुना ६ भरतात आणि दुसरं नाव तयार होतं.

निष्कर्ष : यादीतल्या दुबार नावांचा आक्षेप गंभीर आहे. ‘८५ हजार बोगस मतं पडली’ हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

दावा २ : संध्याकाळी ५ नंतर ७६ लाख मतं आली कुठून?

२० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी ५ वाजता मतदानाचा आकडा होता ५८.२२ टक्के. रात्री साडेअकराला तो ६५.०२ टक्के झाला आणि अंतिम आकडा आला ६६.०५ टक्के. हा फरक ७.८३ टक्क्यांचा, म्हणजे सुमारे ७६ लाख मतांचा.

आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण राज्यात एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. ७६ लाखांना एक लाखाने भागलं, की एका केंद्रावर सरासरी ७६ मतं येतात. मतदान ५ ला नव्हे, ६ ला संपतं. शिवाय ६ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी दिली जाते आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहतं.

दुसऱ्या बाजूने पाहू. दिवसभरात मशीनवर सुमारे ६ कोटी ४१ लाख मतं पडली. ११ तासांत वाटली, तर ताशी सरासरी ५८ लाख. शेवटच्या तासाला आणि त्यानंतरच्या रांगांना मिळून ७६ लाख मतं ही गर्दीची खूण आहे, चमत्कार नाही.

आणखी एक गोष्ट. ५ वाजताचा आकडा मोजणीचा नसतो. केंद्रांवरून आलेल्या माहितीवर आधारलेला तो अंदाज असतो आणि तो नेहमी थोडा मागे असतो. खरा हिशेब असतो नमुना १७-क मध्ये. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष या नमुन्यात एकूण मतांची नोंद करतो आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला देतो. रात्री कुणी मतं घुसवली, तर मोजणीचा आकडा आणि पक्षांच्या हातातला कागद जुळणारच नाही.

याच मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती २५ जून २०२५ ला फेटाळली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

निष्कर्ष : आकडे खरे, त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा.

दावा ३ : पडलेल्या मतांपेक्षा ५ लाख मतं जास्त मोजली

हा दावा एका बातमीतून आला. पडलेली मतं ६,४०,८८,१९५ आणि मोजलेली मतं ६,४५,९२,५०८, म्हणजे ५,०४,३१३ मतं जास्त, असं त्यात म्हटलं होतं.

पहिला आकडा फक्त ईव्हीएमवरच्या मतांचा आहे. टपाली मतं त्यात धरलेलीच नाहीत. निवडणुकीच्या कामावर असलेले कर्मचारी, सैन्यातले मतदार, घरून मतदानाची सोय घेतलेले ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदार टपाली मत देतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या खुलाशानुसार अशी मतं ५,३८,२२५ होती. दोन्ही मिळून बेरीज होते ६,४६,२६,४२०. म्हणजे मोजलेली मतं जास्त तर नाहीतच, उलट थोडी कमी आहेत.

कमी का? मतदानाआधीच्या चाचणीची मतं मशीनमधून पुसायची राहून गेली असतील, तर ते मशीन बाजूला ठेवतात. विजयाचा फरक त्या मशीनवरच्या मतांपेक्षा जास्त असेल, तर ते मोजलं जात नाही. असा नियमच आहे.

निष्कर्ष : दावा चुकीचा. बेरजेत टपाली मतं धरलेली नव्हती.

दावा ४ : अख्ख्या गावात काँग्रेसला शून्य मत

निकालानंतर धुळे ग्रामीण मतदारसंघातल्या अवधान गावाचा दावा जोरात फिरला. काँग्रेसचे कुणाल पाटील यांना या गावात एकही मत मिळालं नाही, असं सांगितलं गेलं.

प्रशासनाने केंद्रनिहाय आकडे जाहीर केले. गावातल्या चार केंद्रांवर पाटील यांना २२७, २३४, २५२ आणि ३४४ मतं होती. एकूण १,०५७.

केंद्रनिहाय आकड्यांसाठी नमुना २० पाहायचा असतो. तो निकालानंतर प्रसिद्ध होतो आणि कुणालाही पाहता येतो. ‘आमच्या गावात शून्य’ असा मेसेज आला, तर पाच मिनिटांत खरं-खोटं करता येतं.

निष्कर्ष : दावा खोटा.

दावा ५ : ईव्हीएम हॅक करून देणारा माणूस सापडला

नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी एक व्हिडिओ आला. त्यात सय्यद शुजा नावाचा माणूस महाराष्ट्रातली ईव्हीएम हॅक करता येतात, असं सांगत होता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून मुंबई सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. याच माणसाने जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या एका कार्यक्रमात असाच दावा केला होता. तेव्हाही दिल्लीत गुन्हा नोंदवला गेला होता. त्याने पुरावा कधीच दिला नाही.

मशीनवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न व्हिडिओवर सोडायची गरज नाही. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि तिथल्या व्हीव्हीपॅटच्या कागदी चिठ्ठ्या हाताने मोजल्या जातात. २८८ मतदारसंघांत ही १,४४० यंत्रं झाली. कुठेही तफावत आढळली नाही, असं निवडणूक यंत्रणेने जाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निकालानुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाही शुल्क भरून पाच टक्के मशीनच्या तपासणीची मागणी करता येते.

निष्कर्ष : हॅकिंगच्या दाव्याला आधार नाही.

दावा ६ : शाई पुसली, म्हणजे पुन्हा मत देता येतं

हा दावा पनवेलसह २९ महापालिकांच्या १५ जानेवारी २०२६ च्या मतदानावेळी गाजला. बोटावर लावलेली मार्करची शाई पुसली जात असल्याचे व्हिडिओ आले. राज्य निवडणूक आयोगाचं म्हणणं होतं, की हे मार्कर २०११ पासून वापरात आहेत आणि शाई वाळली की जात नाही. पुढे जिल्हा परिषदेसाठी बाटलीतली नेहमीची शाई वापरण्याचं आयोगाने जाहीर केलं. म्हणजे तक्रार अगदीच हवेतली नव्हती.

पण शाई हा एकमेव अडथळा नाही. मत देताना यादीतल्या नावावर खूण होते, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतला जातो. त्याच केंद्रावर त्याच नावाने पुन्हा गेल्यास ही नोंद आडवी येते. धोका उरतो तो दोन ठिकाणी नाव असलेल्यांचा. म्हणून या निवडणुकीत संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारे छापले होते आणि अशा मतदाराकडून दुसरीकडे मत देणार नाही, असं हमीपत्र घेण्याची सोय होती.

निष्कर्ष : शाईची तक्रार दखल घेण्याजोगी. ‘शाई पुसा, पुन्हा मत द्या’ ही दिशाभूल. आणि तसं करणं गुन्हाही आहे.

मग प्रश्न विचारायचेच नाहीत का?

विचारायचेच. लोकसभा ते विधानसभा या काळात राज्याच्या यादीत ४८,८१,६२० नावं वाढली आणि ८,००,३९१ कमी झाली. वाढलेल्यांत २६ लाखांहून जास्त मतदार १८ ते २९ वयोगटातले होते, असं आयोगाने सांगितलं. पण मतदान केंद्रांवरच्या सीसीटीव्ही चित्रणाची प्रत मिळण्यावर डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून बंधन आलं. २०२५ मध्ये हे चित्रण ४५ दिवसांपर्यंतच ठेवण्याची सूचना निघाली. शंका तपासण्याचं साधनच कमी झालं, तर संशय वाढतो, ही टीका रास्त आहे.

अडचण अशी, की दहा खोटे दावे फिरले की अकरावा खरा दावाही ‘आणखी एक अफवा’ म्हणून बाजूला पडतो. आणि आपल्या मताला किंमतच नाही असं वाटलं, की माणूस मतदानालाच जात नाही.

तुम्ही काय करू शकता?

- घर बदललंय? नमुना ८ भरा. दोन ठिकाणी नाव असेल तर एक नाव काढण्यासाठी नमुना ७ भरा. अर्जात खोटी माहिती दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.
- प्रारूप यादी आली? स्वतःचं आणि घरच्यांचं नाव बघा. मुदतीत हरकत घ्या. यादीवरच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. विधानसभेच्या वेळी राज्यभरातून अशी फक्त ८९ अपिलं आली, असं आयोगाने सांगितलं होतं.
- तुमच्या नावावर कुणी आधीच मत दिलंय? परत फिरू नका. ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ मागा. ते कागदी मतपत्रिकेवर देता येतं आणि त्याची वेगळी नोंद राहते.
- समोरचा मतदार बोगस वाटतो? उमेदवाराचा केंद्रावरचा प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो. केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करावी लागते.
- मेसेज आलाय? मतदारसंघ, केंद्र क्रमांक आणि कागद विचारा. या तिन्हींपैकी काहीच नसेल, तर पुढे पाठवू नका.

नावड्यातल्या त्या कुटुंबाकडे परत येऊ. त्यांचं जुनं नाव ऐरोलीच्या यादीत अजून असेल, तर ते घोटाळेबाज ठरत नाहीत. पण ते नाव तसंच राहिलं, तर उद्या कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमध्ये ‘पुरावा’ म्हणून झळकेल, किंवा त्या नावावर दुसराच कुणी मत देऊन जाईल. एक अर्ज भरला, तर दोन्ही टळतं.