‘पिक’ मोजणारं नारपोली, पीक मोजणारा उपग्रह!

भिवंडीच्या नारपोलीत ‘पिक’ कुठेही मोजतात. शेतात नव्हे हो, मागावर! कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, तो आकडा म्हणजे पिक, आणि मजुरीही त्याच्यावरच ठरते. आता मान वर करा. डोक्यावरून जाणारा उपग्रहही तेच करतोय, फक्त त्याच्या ‘पी’ला दीर्घ वेलांटी आहे.

माहीत आहे का? दोघांची पद्धतही सेम टू सेम! १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून उडालेल्या आपल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यात २०४८ सेन्सर एका रांगेत बसवले होते. उपग्रह पुढे सरकला की एक ओळ टिपली, आणखी सरकला की दुसरी. धाग्यामागून धागा, ओळीमागून ओळ, आणि १४८ किलोमीटर पन्ह्याचा तागा तयार. एवढा पन्हा भिवंडीच्या कुठल्याच मागाला झेपायचा नाही.

माहीत आहे का, उपग्रहाला गुंठा कळतो? युरोपच्या सेंटिनेल-२ चा एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१. घ्या! एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा, ४० पिक्सेल म्हणजे एकर. युरोपातल्या इंजिनिअरांनी सातबारा पाहिला असण्याची शक्यता शून्य, तरी माप जुळलं. आयआरएस-१ए च्या त्या कॅमेऱ्याचा पिक्सेल मात्र बावन्न गुंठ्यांचा. एका ठिपक्यात भात, बांध, विहीर, म्हैस, सगळ्यांची मिसळ!

स्पीड? सेंटिनेल-२ खालची जमीन सेकंदाला साडेसहा किलोमीटरच्या वेगाने मागे टाकतो. भिवंडी ते नाशिक एवढं अंतर वीस सेकंदांच्या आत. तेवढ्या वेळात अंजूर फाट्यावर तुमचा टेम्पो फर्स्ट गिअरमध्येही पडत नाही. आणि साहेब वक्तशीर इतके, की आपल्या भागात येतात ते सकाळी अकराच्या सुमारालाच.

हिरवं पीक उपग्रहाच्या चित्रात लालभडक दिसतं, हे ऐकलंय? पान लाल प्रकाश गिळतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं. तो अदृश्य प्रकाश चित्रात लाल रंगाने दाखवायची रीत पडली आहे. त्यामुळे ऑगस्टमध्ये ढग हटले की पडघा-वज्रेश्वरीकडची भातखाचरं कुंकू सांडल्यासारखी, आणि नारपोलीचे पत्रे, गोदामं, रस्ते निळसर राखाडी. पीक जितकं ठणठणीत, तितकी या दोन प्रकाशांतली तफावत मोठी. त्यावरून काढलेल्या आकड्याचं नाव एनडीव्हीआय. पिकाचं प्रगतिपुस्तकच म्हणा.

मग खाडीकाठची तिवरं? तीही हिरवी, म्हणजे चित्रात तीही लाल! पण तिवरं बारमाही हिरवी. भात मात्र पावसाळ्यात हिरवं, दसऱ्याच्या आसपास पिवळं आणि कापणीनंतर गायब. एका फोटोत दोघं जुळी, सीझनभरच्या फोटोंत चोरी उघड. म्हणून तर एकाच शेताचे महिनोन् महिने फोटो काढत बसावं लागतं.

आता खरी गंमत. कोकणात भाताची आवणी कधी? ऐन पावसात. आणि ऐन पावसात आभाळ कसं? गच्च! कॅमेऱ्याला दिसतात ते फक्त ढग. मग कामाला येतं रडार. इस्रोचा ईओएस-०४ हा रडार उपग्रह उडाला १४ फेब्रुवारी २०२२ ला. व्हॅलेंटाइन डे! त्याच्या लहरींची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. ढग त्यांना अडवत नाहीत, रात्रही नाही.

जुलैत वाडा रोडला गाडी थांबवून बघा. चिखलणी झालेलं खाचर, घोटाभर पाणी, त्यात बोटभर रोपं, पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिक घेऊन वाकलेली माणसं. आपल्याला यात हिरवळ दिसते. रडारला दिसतो आरसा! लहर सपाट पाण्यावर आपटते आणि भलतीकडेच निघून जाते, उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परतत नाही. चित्रात खाचर काळंकुट्ट. मग रोपं फुटवे धरतात, लहरी दांड्यांत अडकून माघारी येऊ लागतात आणि काळा ठिपका आठवड्यागणिक उजळत जातो. आधी काळा, मग उजळ, ही भाताची सही. ती कुठे आणि किती तारखेला उमटली यावरून आवणी वेळेवर झाली की पाऊस रुसला तेही समजतं. सगळ्या ट्रिव्हियात मला हीच सगळ्यात आवडते.

त्याहून दांडगा भिडू ३० जुलै २०२५ ला गेला: नासा आणि इस्रोचा निसार. त्याची अँटेना उघडली की छत्रीसारखी, व्यास १२ मीटर. पावसाळ्यासाठी छत्री हवीच ना!

भारतात हे सगळं सुरू कुठून झालं, माहीत आहे का? नारळापासून! १९७० च्या सुमारास केरळातल्या नारळांना मुळांचा रोग लागला होता. शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर माडांचे फोटो काढले. म्होरके होते पिशारोथ रामा पिशारोटी, भारतीय सुदूर संवेदनाचे जनक. त्याआधी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालकही तेच. आपल्याकडे शुभारंभाला नारळ लागतोच!

आता एक जुनी जुगलबंदी. पीक किती आलं हे पडताळायला आजही शेतात मापाचा तुकडा आखून कापणी करतात. पण तुकडा केवढा? १९४० च्या दशकात प्रशांतचंद्र महालनोबिस म्हणाले, लहानसा गोल पुरे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग सुखात्मे म्हणाले, अजिबात नाही! तुकडा लहान असला की काठावरची रोपं हात आपसूक आत ओढतो आणि उतारा फुगतो. १९४६ मध्ये त्यांनी हे ‘नेचर’मध्ये छापून दाखवलं. पुढे सरकारी पीक कापणीत मोठा तुकडाच रुळला. गंमत बघा, दिल्लीत २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राला नाव मिळालं महालनोबिस यांचं. मॅच आपल्या माणसाने जिंकली, स्टेडियमला नाव दुसऱ्याचं!

हा नुसता आकाशातला टाइमपास नाही. दुष्काळ ठरवण्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमावलीत पावसाबरोबर उपग्रहाने मोजलेली हिरवाईही धरली जाते. ३१ ऑक्टोबर २०१८ ला महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो याच नियमावलीखाली. पीक विम्यात तर खरीप २०२३ पासून भात-गव्हाच्या उत्पादनाच्या हिशेबात निदान ३० टक्के वजन तंत्रज्ञानाच्या अंदाजाला. उरलेलं अजून विळ्याकडेच, आणि ते बरंच आहे. तण माजलेलं शेतही वरून मस्त हिरवंगार दिसतं!

शिवाय राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो टाकतो. वरून एक सेल्फी, खालून एक सेल्फी!

तुम्हालाही हा खेळ फुकट खेळता येतो. कोपर्निकस ब्राउझर उघडा, ‘भिवंडी’ शोधा, नारपोलीवर या, ‘फॉल्स कलर’ निवडा आणि ऑक्टोबर, मग मार्च अशा तारखा बदलून आजूबाजूची शेतं बघा. फक्त ढगांचं प्रमाण कमी असलेली तारीख घ्या. जुलै घेतलात तर नारपोलीच्या जागी नुसता पिंजलेला कापूस दिसेल.