कुसळे लागली, शरद आला!

शहरात शरद ऋतू येतो तो कॅलेंडरातून. पंखा दोनावरून पाचावर जातो, छत्र्या माळ्यावर चढतात, आणि घरातले वडील माणूस ‘ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला बरे का’ म्हणते. ऋतुबदल आटोपला! खेड्यात मात्र तो त्याआधी पंधरा-वीस दिवस येऊन उभा असतो. त्याला ओळखणारी नजर तेवढी हवी.

ती नजर मला नाही. माझ्या थोरल्या काकांना आहे. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, खटाव तालुक्यात, येरळेच्या अंगाला आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे. म्हाळाच्या निमित्ताने दरवर्षी तिकडे जाणे होते. २०१९ च्या सप्टेंबरात असाच एस.टी.तून उतरलो आणि माळावरच्या पायवाटेने घरी पोचलो. काका ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे न पाहता आधी विजारीकडे पाहिले. गुडघ्यापर्यंत कुसळे टोचली होती!

“लागली का कुसळं? मंजी पाऊस आवरतं घ्याया लागला म्हणायचा!”

मी पाय खाजवीत होतो आणि त्यांना पंचांग मिळाले होते!

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवून अंगणात नेले. डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता. दक्षिणेला, क्षितिजापासून थोडा वर, एक मोठा तारा स्थिर जळत होता. तो अगस्ती. तो उगवला की गढूळ पाणी निवळते, ही आपली जुनी समजूत. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात शरदाचे वर्णन करताना तिचा उल्लेख केला आहे. ताऱ्याने पाणी कसले निवळणार? पण पाऊस थांबला की ओढ्यांतून वाहून येणारी माती थांबते, आणि त्याच सुमारास आभाळ मोकळे होऊन तारा दिसू लागतो. दोघांचा मुहूर्त एक, एवढेच.

उजाडल्यावर शेताकडे निघालो. बांधावरच्या गवतात कोळ्यांची जाळी दवाने भरून पांढरी झाली होती. पाण्याच्या कडेला शेपटी वर-खाली हलवीत एक धोबी पक्षी चालला होता. हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येणारा हा हिवाळी पाहुणा. पिकावर चतुरांचे थवे तरंगत होते. त्यांतली एक जात हिंदुस्थानातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावी, असे मालदीवमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडले. बोटभर लांबीचा जीव, आणि केवढा हा प्रवास!

हे सारे पाहून आपण शहरवासी ‘वा, काय छान!’ म्हणून मोकळे होतो. काकांना त्यात सौंदर्य दिसत नसेल असे नाही. पण त्यांना एक हिशेब करायचा असतो. शाळू कधी पेरायचा? रब्बीची ही ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवरच बहुतेक निभावते. घाई केली तर मागाहून आलेल्या पावसाने बी दडपते. उशीर केला तर वरची ओल उडून जाते. मधले जे मोजके दिवस, त्यांचे नाव वापसा. काकांनी मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला. चिखल नाही, धूळही नाही. “घालू या पाभर,” ते म्हणाले.

पेरणी झाली आणि चारच दिवसांत आभाळ फाटले! २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात ओढ्यांना पूर आले, तेच ढग आमच्याकडेही कोसळले. वरची माती चोपून तिचा पापुद्रा धरला आणि बी आतच राहिले. त्या वर्षी देशातून मोसमी पावसाच्या परतीला ९ ऑक्टोबरला सुरुवात झाली. नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासून इतका उशीर कधीच झाला नव्हता.

काकांनी दुसऱ्यांदा पेरणी केली. दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण खरी करायला स्वातीचा पाऊसही आला. शाळूला तो मानवला; पण काढून ठेवलेल्या बाजरीच्या कणसांना कोंब फुटले. काकूंनी फराळाचे ताट पुढे ठेवले, ते काकांनी तसेच बाजूला सारले.

पुढच्याच वर्षी, २०२० साली, हवामान खात्याने आपल्या सरासरी तारखा बदलल्या. राजस्थानच्या वायव्य टोकातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरीत, ती आता १७ सप्टेंबरला धरतात. मुंबईचा निरोप ८ ऑक्टोबरला. म्हणजे आमच्या काकांनाच नव्हे, वेधशाळेलाही आपले पंचांग नव्याने मांडावे लागले!

मी काकांना विचारले, “म्हणजे तुमच्या खुणा खोट्या ठरल्या म्हणायच्या?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “खुणा खोट्या न्हाईत, लेका. पावनं निघालं, एवढंच त्या सांगत्यात. उंबऱ्यातनं माघारी फिरणार न्हाईत, असं कुठं सांगत्यात?”

तेव्हापासून काका कुसळे बघतात, अगस्ती बघतात, मूठभर मातीही दाबतात, आणि मग मला फोन करून विचारतात, “तुमची वेधशाळा काय म्हणती?” मी सांगतो. दोन्ही जुळले, तरच पाभर निघते.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळू वीतभर वर आला असेल. भोंडल्याच्या पाटावर तुमच्या लेकींनी काढलेला हत्ती हा त्याच हस्त नक्षत्राचा, जो जाता जाता शेतकऱ्याचे वर्ष घडवतो किंवा बिघडवतो. फराळाच्या ताटाला हात घालताना त्याची एकदा आठवण ठेवा.